‘ओढ’, ‘पाटी’ आणि ‘साठा’ : एका औद्योगिक परिभाषेची चिकित्सा

१

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यात गेल्या काही दशकांत जी नवी परिभाषा रूढ झाली, तिच्याकडे मराठीच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ही परिभाषा प्रामुख्याने जपानी व इंग्रजी शब्दांची आहे, आणि कारखान्याच्या भिंतीवरील फलकांपासून लहान पुरवठादाराच्या वर्कशॉपातील बोलण्यापर्यंत ती सर्वत्र ऐकू येते. तिच्या केंद्रस्थानी एक कल्पना आहे. माल पुढच्या टप्प्यावर ढकलावयाचा नाही. पुढच्या टप्प्याने तो मागच्याकडून ओढून घ्यावयाचा. जेवढे उचलले गेले तेवढेच पुन्हा करावयाचे. ह्या कल्पनेला ‘पुल’ आणि तिच्या विरुद्ध कल्पनेला ‘पुश’ असे म्हणतात. आणि तिच्या अनुषंगाने ‘साठा म्हणजे अपव्यय’ हे सूत्र आज जवळजवळ निर्विवाद मानले जाते.

परिभाषा ही केवळ नावांची यादी नसते. कोणत्या वस्तूला कोणते नाव द्यावयाचे हे ठरले की त्या वस्तूविषयीचा निर्णयही अर्धाअधिक ठरून जातो. म्हणून ‘ओढ’, ‘साठा’, ‘अपव्यय’ ह्या शब्दांचा नेमका अर्थ कोणता, तो कोठे निसटतो, आणि निसटल्यामुळे कोणावर कोणता भार पडतो, ह्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही पद्धती निरुपयोगी आहे असे येथे सुचवावयाचे नाही. तिचे गुण सिद्ध झालेले आहेत. प्रश्न आहे तो तिच्या निरूपणाचा.

२

प्रथम ह्या भूमीचा थोडक्यात परिचय आवश्यक आहे. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९६० नंतरच्या दशकात आकुर्डीस बजाज आणि पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्को ह्या उद्योगांनी मूळ धरले, व त्यांच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांची वस्ती वाढत गेली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका मिळाली. पुढे वाढीचा ओघ इंद्रायणी ओलांडून उत्तरेकडे वळला. चाकण येथे १९९९ मध्ये बजाजचा, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ ह्यांचे, व २०१० मध्ये महिंद्रचा कारखाना सुरू झाला.

जुन्या पिढीतील कारखाने आणि चाकणचे कारखाने ह्यांत एक मूलभूत फरक दिसतो. पहिल्या पिढीच्या काळी आयातीवर निर्बंध होते, पोलाद सहजासहजी मिळत नसे, आणि विश्वासू पुरवठादार घडावयाचे होते. अशा परिस्थितीत भरलेले भांडार हे शहाणपणाचे लक्षण होते. दुसऱ्या पिढीतील कारखान्यांची आखणी मात्र मुळातच माल वेळेवर येणार हे गृहीत धरून झाली. ह्या दोन पिढ्यांच्या मध्ये जी विचारक्रांती उभी आहे, तिचा उगम जपानमध्ये आहे.

३

टोयोटा कंपनीतील तायइचि ओनो (१९१२–१९९०) हे ह्या पद्धतीचे प्रमुख शिल्पकार. तिचे त्यांनी केलेले निरूपण १९७८ मध्ये जपानी भाषेत व १९८८ मध्ये इंग्रजी अनुवादाने प्रसिद्ध झाले. ‘लीन’, म्हणजे सडपातळ, हे विशेषण मात्र जपानी नव्हे. ते जॉन क्राफ्चिक ह्यांनी १९८८ मधील एका लेखात योजले, आणि वोमॅक, जोन्स व रूस ह्यांच्या १९९० मधील ग्रंथाने जगभर नेले. ओनो ह्यांच्या निरूपणाचा आधार एक चित्र आहे : अमेरिकेतील सुपरमार्केट. ग्राहक येतो, हवे तेवढे उचलतो. मांडणीवर जेवढी जागा रिकामी होते तेवढाच माल पुन्हा ठेवला जातो. मागचा टप्पा म्हणजे दुकान आणि पुढचा टप्पा म्हणजे ग्राहक.

हे चित्र प्रभावी आहे, पण त्याकडे नीट पाहिले पाहिजे. ज्या पद्धतीची ख्याती ‘साठा नको’ अशी झाली, तिचे मूळ चित्र भरलेल्या मांडणीचे आहे! सुपरमार्केटची मांडणी रिकामी असेल तर ग्राहकाला काहीच उचलता येणार नाही. म्हणजे ओढीची पद्धती साठा नाहीसा करीत नाही; ती साठ्याला मर्यादा घालते. हॉप आणि स्पिअरमन ह्या अभ्यासकांनी २००४ मध्ये हाच मुद्दा काटेकोरपणे मांडला. त्यांच्या मते ओढीच्या पद्धतीचे व्यवच्छेदक लक्षण एवढेच की, प्रक्रियेत असलेल्या मालाला तीत स्पष्ट वरची मर्यादा असते. ढकलीच्या पद्धतीत ती नसते. बाकीचे सर्व अलंकार होत.

ही मर्यादा प्रत्यक्षात घालण्याचे साधन म्हणजे ‘कानबान’. ह्या जपानी शब्दाचा अर्थ दुकानावर लावलेली पाटी. प्रत्येक पेटीबरोबर एक पत्ता फिरतो. पेटी रिकामी झाली की पत्ता मागे जातो, आणि त्या पत्त्यावाचून मागच्या टप्प्याने काहीही करावयाचे नाही. पत्ते जितके, पेट्या तितक्याच. कित्येक ठिकाणी वेगळा पत्ताही लागत नाही. दोन पेट्या ठेवतात, आणि रिकामी पेटी हीच मागणी समजतात.

येथे मराठीच्या अभ्यासकाला एक आनंददायक योगायोग आढळतो. मराठीत ‘पाटी’ म्हणजे दुकानावरील नामफलक, आणि ‘पाटी’ म्हणजे डोक्यावरून माल वाहण्याची टोपलीही. भाजीची पाटी, खडीची पाटी हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. जपानी शब्दाला जो एक अर्थ आहे तो, आणि त्या पत्त्याबरोबर फिरणारी पेटी, असे दोन्ही अर्थ मराठीतील एकाच शब्दात अगोदरच एकत्र नांदत आहेत. ‘दोन पाट्यांची पद्धत’ असे म्हटले तर लहान वर्कशॉपातील कामगाराला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. असा शब्द हाताशी असताना परका शब्द केवळ प्रतिष्ठेपोटी चालावा, हे शोचनीय आहे.

४

‘ओढ’ ह्या शब्दाभोवती दुसरा एक गैरसमज साचला आहे. ग्राहकाची मागणी आली म्हणजे ओढ झाली, असे सर्रास मानले जाते. ह्या समजुतीचे खंडन करण्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. आकुर्डीचा इतिहास पुरेसा आहे.

१९७२ मध्ये आलेल्या ‘चेतक’ स्कूटरसाठी मध्यमवर्गीय कुटुंबे पैसे भरून ‘नंबर लावीत’, आणि पुढे कित्येक वर्षे वाट पाहत. तयार स्कूटरचा साठा नाही, प्रत्येक स्कूटरला तिचा ग्राहक आधीच ठरलेला; वरवर पाहता ह्याहून आदर्श ओढ कोणती? परंतु ती ओढ नव्हती. किती उत्पादन करावयाचे हे ग्राहकाची मागणी ठरवीत नव्हती, तर १९५१ च्या उद्योग अधिनियमाखाली मिळणारा परवाना ठरवीत होता. मागणी कितीही वाढली तरी तिच्यामुळे मागच्या टप्प्यावरचे एकही चक्र अधिक वेगाने फिरत नव्हते. साठा होताच, मात्र तो मालाचा नव्हता, माणसांचा होता. रांगेत उभा असलेला ग्राहक हाच तेथील साठा, आणि त्याने आगाऊ भरलेला पैसा हे त्या साठ्याचे मूल्य. १९९१ नंतर परवान्यांची व्यवस्था बव्हंशी संपली, ही रांगही संपली. तथापि तिने शिकविलेला धडा विसरता कामा नये. साठा कोठे दिसत नाही, एवढ्यावरून तो नाही असे ठरत नाही. तो कोणत्या रूपात आहे, हे शोधावे लागते.

५

साठा कमी करण्याच्या समर्थनार्थ सर्वत्र एक दृष्टान्त दिला जातो. नदीत पाणी भरपूर असले की तळाचे खडक दिसत नाहीत. पाणी उतरविले की ते उघडे पडतात आणि काढता येतात. पाणी म्हणजे साठा. खडक म्हणजे बिघडलेली यंत्रे, सदोष माल, अनियमित पुरवठा. हा दृष्टान्त खोटा नव्हे. पाचशे नगांचा ढीग पडलेला असेल तर साच्यातील दोष पाचशे नग झाल्यावर कळतो. वीस नगांची पाटी असेल तर विसाव्या नगाला कळतो. जॉन लिटल ह्यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियमही हेच सांगतो की, उत्पादनाचा वेग तोच असताना प्रक्रियेतील माल निम्मा झाला, तर प्रत्येक नगाला लागणारा सरासरी काळही निम्मा होतो. ह्या लाभांविषयी शंका नाही.

परंतु ह्या दृष्टान्तात एक उणीव आहे, आणि ती पवनेकाठी राहणाऱ्या कोणाच्याही ध्यानात यावी. नदीचे पाणी उतरते तेव्हा ते नाहीसे होत नाही. एक तर ते वर धरणात अडविलेले असते, नाही तर खाली वाहून गेलेले असते. एका घाटावर खडक दिसू लागले म्हणून सबंध खोऱ्यातील पाणी घटले असे म्हणता येत नाही. साठ्याविषयीही नेमका हाच प्रश्न विचारावयास हवा : उतरलेले पाणी गेले कोठे?

एक काल्पनिक पण साधे उदाहरण घेऊ. एका जुळणी-रेषेवर दर मिनिटाला एक वाहन पूर्ण होते. म्हणजे एका विशिष्ट भागाचे ताशी ६० नग लागतात. पाटीत ५० नग मावतात. पत्ता पुरवठादाराकडे जाऊन भरलेली पाटी परत येण्यास चार तास लागतात. चार तासांची गरज २४० नगांची. अनिश्चिततेसाठी चौथाई भाग अधिक धरला तर ३०० नग, म्हणजे सहा पाट्या. आता पुरवठादार भोसरीस आहे आणि कारखाना चाकणला आहे असे समजू. पुणे-नाशिक महामार्गावर गाडी अडकली आणि चार तासांचे सहा तास झाले, तर त्याच सूत्राने नऊ पाट्या लागतील. चाकणच्या तळेगाव चौकातील आणि आंबेठाण चौकातील वाहतुकीची कोंडी ह्या भागातील उद्योगांची नेहमीची तक्रार आहे. म्हणजे रस्त्याची स्थिती हा ओढीच्या पद्धतीबाहेरचा विषय नसून तिच्या सूत्रातील एक पद आहे.

सूत्राप्रमाणे तीन पाट्या वाढवावयास हव्यात. पण ‘साठा म्हणजे अपव्यय’ हे ब्रीद ज्याने स्वीकारले, तो कारखाना आपल्या आवारात त्या वाढवू इच्छीत नाही. आणि रेषा थांबणेही त्याला परवडत नाही. मग उरलेला मार्ग एकच. त्या तीन पाट्या, बहुधा तीनहून अधिक, कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या राहतात. कधी पुरवठादार कारखान्याच्या जवळ भाड्याची गोदामाची जागा घेतो. कधी भरलेली गाडीच रस्त्याच्या कडेला तासन् तास उभी असते. ते चाकांवरचे गोदामच होय. त्याचे भाडे डिझेलच्या रूपाने भरले जाते आणि त्याचा रखवालदार म्हणजे ड्रायव्हर. कारखान्याच्या ताळेबंदात साठा घटलेला दिसतो. खोऱ्यातील पाणी मात्र तेवढेच, किंबहुना थोडे वाढलेलेच असते.

६

येथे ‘ओढ’ ह्या मराठी शब्दाकडे पुन्हा वळणे उद्‌बोधक ठरेल. इंग्रजीतील ‘पुल’ ह्या शब्दात खेचणाराच दिसतो; ज्याला खेचले जाते त्याची अवस्था दिसत नाही. मराठीतील ‘ओढ’ हा शब्द दोन्ही टोकांना धरून आहे. जनावराच्या अंगी गाडी ओढण्याची ओढ असते. मनाला घराची ओढ लागते. पण पावसाने ओढ दिली म्हणजे तो लांबला, पैशाची ओढ आहे म्हणजे तो अपुरा आहे, आणि घरात ओढाताण आहे म्हणजे दोन टोके जुळत नाहीत. एका टोकाला आकर्षण तर दुसऱ्या टोकाला टंचाई, हा अनुभव भाषेने एकाच शब्दात साठवून ठेवला आहे. कारखान्याची ओढ आणि पुरवठादाराची ओढगस्त ह्यांचे नाते इंग्रजी परिभाषा लपविते. मराठी लपवू शकत नाही.

‘ढकलणे’ ह्या क्रियापदाचेही तसेच. काम ‘पुढे ढकलले’ म्हणजे लांबणीवर टाकले. जबाबदारी ‘दुसऱ्यावर ढकलली’ म्हणजे आपण मोकळे झालो. जी व्यवस्था आपल्या आवारात ओढीची आहे असे अभिमानाने सांगते, ती साठ्याची जबाबदारी फाटकाबाहेर ढकलीत असेल, तर तिला कोणते नाव द्यावे? मालाच्या बाबतीत ओढ आणि भाराच्या बाबतीत ढकल, असेच तिचे वर्णन करावे लागेल.

ह्या विसंगतीचा सर्वांत स्पष्ट पुरावा पैशाच्या प्रवाहात सापडतो. ओनो ह्यांच्या चित्रातील ग्राहक सुपरमार्केटमधून माल उचलतो तेव्हा दारातच त्याचे मूल्य देतो. माल पुढून मागे ओढला जातो, त्याबरोबर पैसाही त्याच क्षणी मागे येतो. प्रत्यक्षात मात्र माल तासाच्या हिशेबाने ओढला जातो आणि पैसा महिन्याच्या हिशेबाने येतो. सकाळी आलेला भाग दुपारपूर्वी वाहनात बसलेला असतो; त्याचे मूल्य मात्र पुरवठादाराच्या हाती पडावयास कित्येक आठवडे जातात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येणार नाही, असे ठरविले. तेवढ्याने भागले नाही म्हणून २०२३ च्या वित्त अधिनियमाने, सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे मुदतीत न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येणार नाही, अशी तरतूद केली. एखाद्या गोष्टीसाठी कायदा दोनदा करावा लागतो, ह्यातच ती गोष्ट आपोआप होत नसल्याची कबुली असते. कानबानच्या पत्त्याबरोबर पैसाही फिरला असता, तर ह्या दोन्ही कायद्यांची गरज फार कमी भासली असती.

७

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ह्या दोषांचा सर्व वाटा मूळ पद्धतीच्या माथी मारता येणार नाही. ओनो ह्यांनी ओढीला एक पूर्वअट घातलेली आहे : उत्पादनाचे समतोलन, जपानी भाषेत ‘हेइजुन्का’. अखेरच्या टप्प्याने रोजची मागणी जवळजवळ सारखी ठेवावयाची, म्हणजे मागच्या टप्प्यांवर अचानक ताण पडत नाही. अपव्ययाच्या जोडीला त्या परंपरेत आणखी दोन दोष सांगितलेले आहेत : विषमता आणि अतिभार. अपव्यय काढावयाचा तो विषमता आणि अतिभार न वाढविता, असा हा तिहेरी दंडक आहे. परदेशी जाताना त्यांपैकी ‘अपव्यय’ हा एकच शब्द लोकप्रिय झाला. उरलेले दोन मागे राहिले. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मागणी मंद, आणि अखेरीस विक्रीची लक्ष्ये गाठण्यासाठी धावपळ, अशा ठिकाणी कानबानचे पत्ते वाटणे म्हणजे नुसती घाई वाटणे होय. ते पत्ते विषमता शमवीत नाहीत. उलट एकेक पायरी मागे नेत वाढवितात. साखळीच्या शेवटी, म्हणजे सर्वांत लहान कारखान्यात, ती रात्रपाळीच्या व कंत्राटी कामगारांच्या अंगावर येऊन थांबते.

साठ्याला सरसकट अपव्यय म्हणण्यातील धोका खुद्द जपाननेही अनुभवला. १ फेब्रुवारी १९९७ रोजी ऐसिन कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. ब्रेकमधील एक लहानशी झडप टोयोटाला जवळजवळ तेथूनच मिळत असे आणि हाताशी असलेला साठा फार थोडा होता. टोयोटाचे बहुतेक जुळणी-कारखाने बंद पडले. सुमारे आठवड्याभरात ते पुन्हा सुरू झाले, ते इतर अनेक पुरवठादारांनी घाईने त्या झडपा करून दिल्या म्हणून. मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने इलेक्ट्रॉनिक चिपांसारख्या पर्याय नसलेल्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे राखण्याचे धोरण स्वीकारले. २०२१ च्या आरंभी जगभर चिपांचा तुटवडा झाला तेव्हा इतरांच्या मानाने तिला प्रथम कमी झळ लागली, ती ह्यामुळेच. उत्तरार्धात तिलाही उत्पादन घटवावे लागले. म्हणजे ज्या घरातून ‘साठा नको’ हे वाक्य बाहेर पडले, त्या घराने स्वतः ते वाक्य दुरुस्त केले आहे.

८

मराठीत साठ्याला एक नाव नाही, अनेक आहेत; आणि त्यांतील भेद मोलाचा आहे. ‘साठेबाजी’ ही दुसऱ्याची अडचण करून नफा मिळविण्यासाठी असते. ‘ढीग’ हा अव्यवस्थेतून होतो. ‘अडगळ’ ही विस्मरणातून होते. परंतु ‘बेगमी’ ही येणाऱ्या प्रतिकूल काळाची जाण ठेवून, मोजून केलेली असते. चाकण हे मोटारींचे गाव होण्यापूर्वीपासून कांद्याच्या बाजाराचे गाव आहे. उन्हाळी कांदा काढल्यावर शेतकरी तो जमिनीपासून उंच, वारा खेळता ठेवणाऱ्या चाळीत भरतो आणि पावसाळ्यात बाजार पाहून काढतो. त्यातला काही सडतो, काही कोंबतो, काहीचे वजन घटते. ह्या नुकसानीची शेतकऱ्याला पूर्ण जाणीव असते. तरीही तो चाळीला अपव्यय म्हणत नाही. चाळीचा खर्च कोण सोसतो आणि भाव चढल्यास लाभ कोणाला मिळावा, ह्याविषयी त्याच्या मनात संदेह नसतो. कारखान्याच्या फाटकाबाहेरील साठ्याविषयी ही स्पष्टता नाही, हाच खरा आक्षेप आहे. तेथे चाळ एकाची, सड एकाची, आणि वेळेवर मिळालेल्या मालाचे श्रेय दुसऱ्याचे.

तात्पर्य, ह्या परिभाषेत तीन दुरुस्त्या कराव्यात असे सुचविता येईल. ‘पुल’साठी ‘ओढ’ हाच शब्द ठेवावा, मात्र त्याची व्याख्या ‘मर्यादित साठ्याची पद्धती’ अशी करावी. ‘शून्य साठा’ हा शब्दप्रयोग टाकून द्यावा. ‘कानबान’साठी ‘पाटी’ हा शब्द निःसंकोच वापरावा. आणि ‘साठा’ ह्या एकाच शब्दाने ढीग, अडगळ व बेगमी ह्यांची गल्लत न करता प्रत्येकाला त्याचे नाव द्यावे. अपव्यय हे विशेषण पहिल्या दोहोंना लावावे, तिसऱ्याला लावू नये.

शब्द बदलल्याने रस्ते रुंद होत नाहीत आणि बिलेही लवकर चुकती होत नाहीत, हे खरे. परंतु एखाद्या कारखान्याने ‘आमचा साठा दोन तासांवर आला’ असे सांगितले असता, ‘उरलेली बेगमी कोणाच्या जागेत आहे, आणि कोणाच्या पैशाने?’ हा प्रश्न विचारण्यास जी भाषा शिकविते, ती परिभाषा शास्त्रीय. जी तो प्रश्न सुचूच देत नाही, ती केवळ जाहिरात होय.